प्रायव्हेट असूनही दुसऱ्या ऑब्जेक्टचं दिसतं कसं? सल्ला हवा (सी प्लस प्लस)

चोडणची_पोर
फोंड्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरावासाठी 'फेरीबोट' नावाचा क्लास (एकेक बोट म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) लिहिला. (रोज सकाळी रायबंदरची फेरी पकडते, दुसरं सुचणार काय!) 'प्रवासी' हा आकडा प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या कोडला बंद ठेवलाय. मेनमधून (क्लासबाहेरच्या मुख्य फंक्शनमधून) 'बोट.प्रवासी = ५००' लिहिलं की कंपायलर (कोड तपासून मशीनसाठी भाषांतर करणारा) ओरडतो, इथवर कळलं. पण प्रवासी दुसऱ्या बोटीत नेणाऱ्या, क्लासमधल्याच 'हलव' फंक्शनला दुसरी बोट दिली आणि आत 'दुसरी.प्रवासी' थेट बदललं, तर चकार शब्द नाही! ती बोट परकीच ना? शिकवणी लावू की पायथनकडे वळू?

म्हापशाचा_बग
कुंपण क्लासला असतं, एकेका ऑब्जेक्टला नाही. 'हलव' फेरीबोटचंच फंक्शन, म्हणून कुठल्याही फेरीबोटीचं प्रायव्हेट त्याला खुलं. जावातही तेच. नाहीतर कॉपी कन्स्ट्रक्टर (एका ऑब्जेक्टवरून तसाच दुसरा बनवणारं फंक्शन) लिहिणार कसा?

शिकवणीवर पैसे घालू नकोस. आणि प्रत्येक सदस्याला गेटर-सेटर (आकडा वाचून देणारं आणि बदलणारं फंक्शन) लावत बसू नकोस. सेटरने आलेला आकडा मुकाट भरला तर प्रायव्हेट ठेवून मिळवलं काय? त्यापेक्षा 'चढव' आणि 'उतरव' ठेव. क्षमतेबाहेर माणसं आली की 'चढव'ने नाही म्हणायचं. ही तपासणी एकाच जागी राहावी म्हणून तर प्रायव्हेट. लोक त्याला गुपित समजतात आणि तिथेच घोळ होतो.

तुझं 'हलव' इथे टाक बघू.

चोडणची_पोर
दोनच ओळी आहेत:
दुसरी.प्रवासी += प्रवासी;
प्रवासी = 0;

सांगेकर_काका
बाय, आता त्याला दुसरी म्हणून तीच बोट देऊन बघ.

पायथनचं म्हणशील तर तिथे अडवणारं कुणी नाही. नावाआधी एक अंडरस्कोर म्हणजे नुसती विनंती. दोन दिले तर पायथन आतून नाव बदलतो, पण '_फेरीबोट__प्रवासी' लिहिलं की हाती लागतंच. ॲक्सेस नीट कळेपर्यंत आहेस तिथेच राहा. काहीच लिहिलं नाही तर सी प्लस प्लसमध्ये क्लासचे सदस्य प्रायव्हेट, स्ट्रक्टचे (क्लासच्याच भावाचे) पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुले. जावात मात्र ते त्याच पॅकेजपुरते (एकत्र ठेवलेल्या क्लासच्या गटापुरते) खुले, आणि तिथे प्रोटेक्टेडसुद्धा (वारस क्लासना खुलं असतं ते) अख्ख्या पॅकेजला दिसतं. यात भलेभले घसरतात.

अवांतर: क्लास ही कल्पना नॉर्वेच्या सिम्युला ६७ मधली. ती भाषा रांगा, वाहतूक असल्या गोष्टींची नक्कल करायला केलेली. सी प्लस प्लसचे कर्ते स्ट्रूस्ट्रप यांनी १९७९ पासून तीच कल्पना सीमध्ये आणली. म्हणजे तुझी फेरीबोट अगदी घराण्यातली.

म्हापशाचा_बग
काकांना +१. कुंपणाच्या आत चूक करणारे आपणच, तिथे कंपायलर वाचवत नाही.

चोडणची_पोर
तीच बोट दिली. आधी प्रवासी दुप्पट झाले, मग शून्य. अख्खी फेरी मांडवीत गडप! आता पहिल्या ओळीआधी 'दुसरी म्हणजे मीच का' हे मेमरीतले पत्ते ताडून बघते. क्षमताही तिथे तपासलेली नव्हती, म्हणून 'दुसरी.चढव' वापरलं. देव बरें करूं, काका.