चूक साहेबाने अंगावर घ्यावी का?

चाकणकर:
कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये परवा पुन्हा तीच गोष्ट ऐकली. १० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं, रॉकेट बंगालच्या उपसागरात. प्रकल्पप्रमुख कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र पत्रकारांसमोर कलामांना बसवलं. कलाम हा किस्सा आयुष्यभर सांगत राहिले.

गोष्ट घासून गुळगुळीत झालीय, तरी मला पटते. गेल्या वर्षी माझ्या तिसऱ्या पाळीतून बाराशे ब्रॅकेट गेले, बोअर (आतलं भोक) मापापेक्षा मोठं. कस्टमरने लॉट परत पाठवून डेबिट नोट फाडली. आमचे प्लँट हेड एकटे तिकडे गेले आणि "चूक माझी" म्हणून आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या मते साहेब ओळखावा तो याच एका सवयीवरून. टाइम मॅनेजमेंट वगैरे नंतर.

जुना फोरमन:
साफ असहमत. असा एक साहेब मी नऊ वर्षं भोगलाय. देवमाणूस. प्रत्येक लफडं पोटात घालायचा. परिणाम काय, तर तेच फिक्स्चर (जॉब पकडायचा साचा), तेच रिजेक्शन, दर पावसाळ्यात. कुणाला काही विचारलंच नाही तर सुधारणार कोण? नंतर आलेला साहेब तोंडाने फाटका होता, पण मशीनपाशी उभा राहून 'दाखव कसं लावतोस' म्हणायचा. दोन महिन्यांत रिजेक्शन थांबलं. त्याच्या निरोपसमारंभाला फारसं कुणी आलं नाही, ते सोडा.

बँकवाली:
फोरमनसाहेब, तुमच्याकडे फिक्स्चर तरी होतं. आमच्या शाखेत चूक झाली की पहिला अर्धा तास 'लॉगिन कुणाचं होतं' यातच जातो. मग लोक चुका लपवायला शिकतात. चाकणकरांना +१. फक्त, चूक अंगावर घेण्यापेक्षा श्रेय सोडणं अवघड असतं. चूक घेतली की साहेब मोठा दिसतो. श्रेय सोडलं की तो दिसतच नाही.

काउंटडाउन:
त्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग ट्रेनिंगवाले गाळतात. तोही कलामांनीच सांगितलाय. उड्डाणाआधी काही मिनिटं कॉम्प्युटरने मोजणी थांबवली होती, नियंत्रण यंत्रणेत गडबड म्हणून. सोबतचे तज्ज्ञ म्हणाले, गळती आहे पण साठा पुरेल. कलामांनी कॉम्प्युटर बाजूला ठेवून रॉकेट सोडलं. दुसरा टप्पा भरकटला.

म्हणजे थांबा म्हणणारं कुणीतरी तिथे होतं. धवनांनी नंतर काय केलं यावर आपण टाळ्या वाजवतो. चाकणकर, तुमच्या पाळीत थांबा कुणी म्हणालं होतं का?

चाकणकर:
म्हणाला होता. लाइनवरचा पोरगा रात्री अडीचला प्लग गेज, म्हणजे भोक तपासायचं माप, घेऊन आला. "सर, नो-गो आत जातंय." नो-गो म्हणजे गेजचं जे टोक चांगल्या भोकात जायला नको ते. मी म्हणालो, गेज झिजलंय, पीस बरोबर आहे. झिजलेलं नो-गो चांगल्या बोअरमध्येही जातं, हे खोटं नाही. पण दुसरं गेज कपाटात होतं आणि चावी क्वालिटीवाल्याकडे. सकाळी सहाला गाडी लागायची होती.

जुना फोरमन:
बघा. साहेबाने त्या दिवशी तुम्हाला चार शब्द सुनावले असते, तर हे आज इथे लिहायची वेळ आली नसती.

बँकवाली:
सुनावले असते तर चाकणकरांनी हे कधीच कुणाला सांगितलं नसतं.

प्लँटवाला:
मी स्वतः त्या खुर्चीत आहे. कस्टमरसमोर नाव घेतलं की पुढच्या ऑडिटला ते नाव घेऊनच येतात. म्हणून 'चूक माझी' म्हणणं हा बऱ्याचदा थोरपणा नसतो, व्यवहार असतो. त्यात वाईट काही नाही. खरं काय घडलं ते आत आल्यावर काढायचं.

काउंटडाउन:
आत काढलं का, एवढंच विचारतोय. एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे कस्टमरला दिलेल्या चुकीच्या कारण-उपायाच्या अहवालात, कारण काय लिहिलंय?

चाकणकर:
आत्ता उघडून पाहिला. कारण: 'गेजिंगबाबत ऑपरेटरला पुरेशी माहिती नसणे.' उपाय: 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण.' तयार करणाऱ्याची सही माझी आहे, मंजूर करणाऱ्याची साहेबांची. पोरगा कंत्राटी होता. मार्चनंतर दिसलेला नाही.