मुलांसाठी गोष्ट लिहायला घेतली की उपदेशच होतो, काय करू?

पिंपळपान
नमस्कार मंडळी, मोठ्यांसाठी चार-पाच वर्षं कथा लिहितेय, पण गेले सहा महिने मुलांसाठी लिहायचा प्रयत्न चाललाय आणि काही केल्या जमत नाहीये. १० वर्षांची मीरा, तिची जिवलग मैत्रीण अचानक तिच्याशी बोलेनाशी होते, एवढीच गोष्ट. पण चौथ्या पानावर आजी येते, मीराला जवळ घेऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते आणि सगळं मिटतं. भाचीला वाचून दाखवली तर आजीचं बोलणं सुरू झालं तशी ती पेनाचं टोपण काढ-घाल करायला लागली. मला हे खरंच नीट शिकायचंय. आणि ८-१० वर्षांच्यांसाठी लिहिणं आणि १४-१५ च्यांसाठी लिहिणं यात नेमका फरक काय?

रातकिडा
उत्तर तुमच्या भाचीनेच दिलंय की. मुलं तोंडावर छान म्हणतात पण हात खोटं बोलत नाहीत, त्यामुळे टोपण जिथे निघालं तिथे खूण करा आणि तिथून मागे मागे जात वाचा. आजीला काढू नका, मायेचं माणूस गोष्टीत हवंच, फक्त गुंता सोडवायचं काम तिच्याकडून काढून घ्या. तिने मनापासून सल्ला द्यावा आणि तो नेमका चुकीचा निघावा, मीराने तो पाळावा आणि भांडण अजून चिघळावं, मग बघा गोष्ट कशी पळते ते. मुलांच्या इतक्या गोष्टींत आईवडील गावाला गेलेले नाहीतर कामात बुडालेले का असतात, तर मोठं माणूस हाताशी असलं की मुलाला करायला काही उरतच नाही म्हणून.

अजून एक, "मीराला खूप वाईट वाटलं" असं वाक्य असेल तर ते खोडा. त्याऐवजी, बाकावरची मैत्रिणीची जागा रिकामी आहे, मीरा दप्तर मधोमध ठेवते, मग उचलून परत आपल्या बाजूला ठेवते. मुलांना तेवढ्यात सगळं कळतं, आपणच विश्वास ठेवत नाही त्यांच्यावर.

जुनीवही
वयाचं सांगते. अगदी लहानांचं चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं कारण १६ पानांचा एक फर्मा (म्हणजे छापून घड्या घातलेला एक मोठा कागद) धरला तर दोन फर्म्यांत ते बसतं, त्यातली काही पानं नाव-श्रेयात जातात, म्हणजे तुमच्याकडे साधारण १२ ते १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात आणि चित्रात जे दिसतंय ते शब्दात परत सांगायचं नाही. नुकतंच वाचायला लागलेल्यांसाठी जोडाक्षरं जपून वापरायची, एका ओळीत तीन आली की मूल अडखळतं आणि गोष्टीचा धागा सुटतो. ८ ते १२ च्या मुलांना आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल वाचायला आवडतं, म्हणजे तुमची मीरा १० ची असेल तर वाचक ८-९ चे धरा.

किशोरांचं मात्र वेगळं. तिथे अवघड शब्द, अवघड विषय चालतात, शेवट पूर्ण सुटला नाही तरी चालतो, पण अंतर चालत नाही. "तेव्हा मला कळलं नव्हतं की..." हे वाक्य आलं की समजायचं, बोलणारी १५ वर्षांची मुलगी नाही, चाळीशीतली बाई आठवणी सांगतेय. पंधराव्या वर्षी जे चाललंय तेच अख्खं जग असतं, उद्या हे सगळं लहान वाटेल हे त्या मुलीला ठाऊक नसतं आणि लिहिताना तुम्हालाही ते विसरावं लागतं. मला हे जमायला दोन हस्तलिखितं फुकट घालवावी लागली पण त्याशिवाय कळलंच नसतं.

आणि प्रत्येक खर्डा मोठ्याने वाचा, संवाद तर नक्कीच. जिथे तुमचाच दम लागतो तिथे वाक्य तोडा.

पिंपळपान
दोघांचेही मनापासून आभार, काल रात्री आजीचं ते पूर्ण दीड पान काढलं. आता आजी म्हणते चिठ्ठी लिही, मीरा लिहिते आणि घाईघाईत चुकीच्या दप्तरात टाकते. भाचीला फोनवर एवढंच सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग कोणाला मिळाली?" मलाही अजून माहीत नाही, आज परत बसते.