मदत हवी आहे: टकटक करणारी हार्डडिस्क आणि शिवाजी फॉन्टमधली गाण्यांची नावं

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत.

माझ्याकडे ५०० जीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क आहे. तिच्यावर साधारण नऊ हजार गाणी आहेत. नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, थोड्या मैफिली. २००३ ते २०१४ मध्ये जमवलेली. बरीचशी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधल्या सीडी घरी आणून एमपीथ्री केलेली. पगाराच्या दिवशी ऑफिस सुटलं की आधी तिथे, मग सीएसटीहून मुलुंडची गाडी, असा माझा नेम होता. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. अजूनही त्या कोपऱ्यावरून जाताना पाय रेंगाळतात.

गेल्या आठवड्यात डिस्क लावली तर आतून टकटक आवाज. फोल्डर दिसले, पाच-सहा गाणी कॉपी झाली आणि लॅपटॉप अडकला. पुन्हा लावली, तेच. तिसऱ्यांदा लावायचा धीर होत नाही. दुसरी प्रत म्हणून तेव्हा २२ डीव्हीडी बर्न करून ठेवल्या होत्या. त्या काढल्या तर नऊ वाचल्याच जात नाहीत. इतके पावसाळे कपाटात काढल्यावर काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके आले आहेत.

दुसरी अडचण नावांची. तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते ती पद्धत, माहीत नव्हतं. मी सगळी नावं शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केली. विनॅम्प या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅमच्या प्लेलिस्टला तो फॉन्ट लावला की यादी छान मराठीत दिसायची. आता फोनवर तीच नावं म्हणजे रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा खिचडा. आणि नुसतं गाण्याचं नाव नाही हो. टॅगमधल्या (गाण्याच्या फाइलीतच साठवलेल्या माहितीतल्या) 'कॉमेंट'च्या रकान्यात मी तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, मैफल कुठली, सीडीच्या आतल्या कागदावर काय छापलंय, सगळं भरलं होतं. रोज रात्री जेवणं झाली की दोन-तीन गाणी. अकरा वर्षं.

मुलगा म्हणतो, "आई, सगळं ऑनलाइन मिळतं की." पुष्कळ मिळतं, ते मी नाकारत नाही. मीही एका अ‍ॅपचे पैसे भरते. पण माझ्या तिथल्या यादीतली काही नाट्यगीतं एका सकाळी राखाडी झाली, दाबून वाजत नाहीत. मार्च २०२३ मध्ये कंपन्यांचा करार जमला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघून गेली होती, तेव्हा हे कसं होतं ते समजलं. तिथलं 'डाउनलोड'सुद्धा आपलं नसतं. वर्गणी थांबली की गाणं थांबलं. आणि साथीदारांची नावं? बहुतेक ठिकाणी गायक आणि अल्बमचं चित्र, संपलं.

शिवाय एक फाइल कुठल्याच अ‍ॅपवर असणं शक्य नाही. १९९१ च्या गणेशोत्सवात गिरगावच्या आमच्या चाळीत आई गायली होती, त्या कॅसेटवरून उतरवलेली. मध्येच आरतीच्या ताटातली घंटी कुणाच्या तरी हातून पडते, आई न थांबता समेवर येते. दुसरा अंतरा सुरू होतो आणि कॅसेटची बाजू संपते. मूळ कॅसेट २००५ च्या २६ जुलैच्या पाण्यात गेली. उरलं आहे ते एवढंच, त्या डिस्कवर.

तर, डिस्कचं आधी काय करू? नावं युनिकोडमध्ये आणायचा मार्ग आहे का, की नऊ हजार पुन्हा टाइप करायची? आणि मराठी गाणी पैसे देऊन, फाइल आपल्याकडे राहील अशी, आज कुठे विकत मिळतात? पूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून घेत असे, ते कधीच बंद झालं.

प्रतिसाद १

ताई, डिस्क आता अजिबात लावू नका. टकटक म्हणजे बहुतेक वेळा आतलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, धडपडतंय, प्रत्येक वेळी लावल्यावर नुकसान वाढू शकतं. स्वतः कॉपी-पेस्ट तर नकोच. लॅमिंग्टन रोडला डेटा रिकव्हरीवाले आहेत. जाताना आधी विचारा, "अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेणार का?" डीडीरेस्क्यूसारखं साधन आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब भागाकडे शेवटी वळतं. पण हेडच गेलं असेल तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, डिस्क उघडावी लागते आणि खर्च बराच वाढतो. काम सुरू करण्याआधी अंदाज लेखी घ्या. आईची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कागदावर लिहून द्या, ती आधी काढायला सांगा.

प्रतिसाद २

नावांची काळजी करू नका, पुन्हा टाइप करावं लागणार नाही. अक्षरं हरवलेली नाहीत, फक्त जुन्या फॉन्टच्या सांकेतिक रूपात आहेत. एमपीथ्रीटॅग या मोफत प्रोग्रॅमने सगळे टॅग एका टेक्स्ट फाइलमध्ये काढा, शिवाजी-ते-युनिकोड कन्व्हर्टरमधून न्या आणि त्याच प्रोग्रॅमने परत भरा. पहिल्यांदा फक्त दहा गाण्यांच्या प्रतींवर करून बघा. रफार आणि ऱ्हस्व इकार हटकून चुकतात, ते हाताने तपासावे लागतील. जुन्या पहिल्या आवृत्तीच्या टॅगमध्ये नाव ३० अक्षरांनंतर तुटतं आणि त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणून दुसऱ्या आवृत्तीचे टॅग ठेवा. विकत घ्यायला आयट्यून्स स्टोअर आहे, भारतात डिसेंबर २०१२ पासून. तिथली गाणी कुलूप नसलेली असतात, फाइल तुमच्याकडे राहते. आणि ज्या सीडी शाबूत आहेत त्या यूएसबीचा सीडी ड्राइव्ह लावून पुन्हा उतरवा, या वेळी फ्लॅकमध्ये, म्हणजे एमपीथ्रीसारखा आवाजाचा दर्जा कमी होत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली आहे, शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाते. वाचणाऱ्या तेरा डीव्हीडी आजच लॅपटॉपवर उतरवल्या, त्यात साडेचार हजारांच्या आसपास गाणी निघाली. आईची फाइल त्यात नाही. आठवतंय तसं, ती 'घरचं' नावाच्या फोल्डरमध्ये होती. एकच विचारायचं राहिलं: इमेज घेतल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसायला सांगावी की काही महिने त्यांच्याकडेही राहू द्यावी?