जुनं १०६० ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर अडकतंय, गेम अडखळतो. चिपवरची थर्मल पेस्ट बदलू का?

अकोलेकर_गेमर
नमस्कार मंडळी. जीटीएक्स १०६०, ६ जीबी, दोन पंख्यांचं कार्ड. २०१७ ला घेतलेलं. हिवाळ्यात कुरकुर नव्हती. आता मे सुरू आहे, खोलीत कूलर आहे, एसी नाही. गेम लावून थोडा वेळ झाला की तापमान ८३, पंखे पूर्ण जोरात, क्लॉक (चिपचा वेग) १९०० मेगाहर्ट्झवरून १५०० च्या आसपास येतो आणि चित्र अडखळतं. कॅबिनेटमधली धूळ ब्रशने काढली. दुकानदार म्हणाला, कार्ड संपलं, नवीन घ्या. सध्या तेवढे पैसे नाहीत.

रात्रपाळी
दुकानदाराचं ऐका. एवढ्या जुन्या कार्डावर आणखी खर्च कशाला?

बर्डीचा_मेकॅनिक
भाऊ, लगेच नवीन घ्यायची घाई करू नका. हेच काम करतो मी, उन्हाळ्यात अशी कार्डं रोजची आहेत.

आधी ८३ चा अर्थ समजून घ्या. या पिढीच्या कार्डांना ती मर्यादा कंपनीनेच घालून दिलेली असते. तिथे पोहोचलं की कार्ड स्वतःच क्लॉक उतरवतं, म्हणून आकडा ८३ वरच थांबलेला दिसतो. चिप जळायला आली असं नाही. पण त्यामुळे नुसतं तापमान बघून काही कळत नाही, क्लॉक बघा.

दुसरं, कार्ड खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. डिसेंबरात खोली २५ वर असते, आता ४० वर. ते १५ अंश सरळ कार्डाच्या डोक्यावर येतात. हिवाळ्यात ७० वर चालणारं कार्ड आत्ता ८३ ला टेकलं तर त्यात नवल काय?

आता परीक्षा. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा आणि तोच गेम, तीच जागा खेळा. क्लॉक १८०० च्या वर टिकला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. काहीच फरक पडला नाही तर दोष कार्डात. आणि हो, दोन्ही पंखे फिरून राहिले का, ते डोळ्यांनी बघा. एक बंद पडला तरी सॉफ्टवेअर आकडा दाखवतच राहतं.

कूलर पीसीच्या तोंडावर लावलाय का? विदर्भातला हा खास रोग. ओलसर हवेत धूळ चिकटते आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. वरून ब्रश फिरवून ती निघत नाही.

अकोलेकर_गेमर
पत्री काढून पाहिलं. क्लॉक जेमतेम १५५० पर्यंत. दोन्ही पंखे फिरतात. कूलर अगदी समोरच होता, आता हलवला.

बर्डीचा_मेकॅनिक
मग कार्ड उघडाच. पीसी बंद करून वायर काढा. कार्डाचे मागचे स्क्रू आडवेतिडवे थोडे थोडे सैल करा, एक कोपरा पूर्ण आणि मग दुसरा असं नको. हीटसिंक हिसक्याने ओढू नका. चिप आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळून चिकटलेली असते आणि पंख्याची वायर खाली बोर्डाला जोडलेली असते. ती आधी सोडवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. इथे चिप उघडी असते, प्रोसेसरसारखं वर धातूचं झाकण नसतं. म्हणून मधोमध ठिपका देऊन सोडू नका, पातळ थर चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवा. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंकला पोहोचवणारे मऊ तुकडे) शाबूत असतील तर हात लावू नका. फाटले तर त्याच जाडीचे आणा. जाडी चुकली की हीटसिंक चिपवर नीट बसत नाही आणि काम होतं त्याच्यापेक्षा बिघडतं. पात्यांत हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

व्होल्टेज_कमी
पेस्ट येईपर्यंत फुकटातला उपाय करून घ्या, व्होल्टेज कमी करा म्हणजे कार्ड कमी तापेल. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा वक्र दिसतो. ९०० मिलिव्होल्टवरचा बिंदू १८०० ला न्या आणि पुढचा सगळा वक्र तिथेच सपाट करा. गेम अचानक बंद पडला तर १७५० करा, प्रत्येक चिप वेगळी असते. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमही सेकंदाला ६० वर बांधा. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड उगाच तापतं.

अकोलेकर_गेमर
व्होल्टेजचं आणि फ्रेमचं केलं. ७९ वर थांबतंय, क्लॉक १८०० वर टिकून आहे, पंख्यांचा आवाजही उतरला. पेस्ट मागवली आहे. मेकॅनिकभाऊ, पॅडची जाडी मोजायची कशी? ती तर दबलेली असणार.

बर्डीचा_मेकॅनिक
दबलेल्या भागावर नाही, मेमरी चिपच्या बाहेर आलेल्या कडेवर मोजा. व्हर्नियर नसेल तर दुकानात कडेचा तुकडा घेऊन जा.