केळ्याची कॉफी अन् मिक्सरचे किस्से (अनुभव धागा)

पऱ्हाटीची_लेक
काल भाचा पुण्याहून आला. चप्पल काढायच्या आधीच, "मावशी, कोल्ड कॉफी करशील?" गावात आइस्क्रीम कुठलं, त्यासाठी परतवाडा गाठावं लागते. पण काळी पडत आलेली दोन केळी चकत्या करून फ्रीजरात टाकली होती. चमचाभर इन्स्टंट कॉफी दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवली (थंड दुधात टाकली तर गुठळ्या राहतात), चकत्या, पेलाभर थंड दूध, घुर्रर्र. साखर नाही, बर्फही नाही. गोठलेल्या केळ्यानं आइस्क्रीमसारखं दाट होते.

तो गटागट प्यायला अन् मला बाबा आठवले. एसटीत कंडक्टर होते. एकदा चिखलदऱ्याच्या फेरीवरून कॉफीची पुडी घेऊन आले, "आपल्या डोंगरातली आहे" म्हणत. घरात मिक्सर नवाकोरा. आम्हाला कॉफी माहीत ती छोट्या पाकिटातली, टाकली की विरघळणारी. ही भाजल्या बियांची पूड, उकळून गाळायची असते, हे सांगणार कोण! आईनं दोन चमचे थेट दूध-केळ्यात टाकून फिरवली. पहिल्याच घोटाला दाताखाली कचकच, जशी नदीची रेती. बाबा समोर बसून एकेकाच्या तोंडाकडे पाहून राहिले होते. आम्ही चौघांनी पेले रिकामे केले, कोणी ब्र काढला नाही. मग मोरीतून आईच्या चूळ भरण्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. तेव्हा बाबाच पहिले हसले.

तुमचे किस्से टाका. फसलेले आधी.

बांधावरचा_बाभूळ
म्हंजे शिकरणात कॉफी. शिकरण म्हटलं की आमचे पोट्टे नाक मुरडतात, स्मूदी म्हटलं की दोन दोन गिलास.

रोहिणी_नक्षत्र
झाकण!!! गरम गरम कॉफी मिक्सरच्या भांड्यात ओतली, झाकण गच्च लावलं, बटन दाबलं. वाफ कोंडली अन् झाकण उडून पंख्यापर्यंत. भिंत, ओटा, माझा गाऊन, सगळं कॉफी रंगाचं. गजानन महाराजांच्या फोटोवरही शिंतोडे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, महाराजांनी पण घेतली वाटते. तेव्हापासून कॉफी आधी थंड, मगच भांड्यात.

पऱ्हाटीची_लेक
😂 हात नाही ना भाजला?

रोहिणी_नक्षत्र
थोडा. त्यापेक्षा गाऊनचं दुःख झालं, नवीन होता.

वरुडची_फोड
आमच्याकडे संत्र्याले काय तोटा. मृग बहाराचा संत्रा, सोलून दूध अन् कॉफीसोबत फिरवला. फाटलं न बाप्पा. वरून बिया पण वाटल्या गेल्या, असं कडू की मांजरानंही तोंड फिरवलं.

बांधावरचा_बाभूळ
दुधात आंबट टाकतेस अन् फाटलं म्हणून रडतेस. दूध घेऊच नको. संत्र्याचा रस काढ, गाळ, गिलासात बर्फ टाक अन् वरून थंड काळी कॉफी हळू सोड. खाली केशरी, वर काळं. जावई आला की हेच देतो आम्ही, बिचारा फोटोच काढत बसते.

तूरडाळ
पपई नका टाकू रे कोणी. टाकली तर तिथंच उभ्यानं पिऊन टाका. कच्चट पपई होती, मी दुधात फिरवून फ्रीजात ठेवली, दुपारी पाहतो तर कडूझार. पपईच्या चिकात जे असते तेच दुधाले कडू करते म्हणे. ज्या चिकानं मटण लवकर शिजते तोच.

रोहिणी_नक्षत्र
मटणावरून आठवलं, आज रविवार. येते नंतर.

मास्तरीण_बाई
एकादशीला चालते का ही?

तूरडाळ
केळं चालते, दूध चालते. कॉफीचं घरोघरी वेगळं. पण पाकिटावर चिकोरी लिहिलेलं असते, ते मूळ आहे. कंदमुळात धरा अन् प्या.

मास्तरीण_बाई
हे आमच्या आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ज्यानं लिहिलं त्याला साबुदाणा निवडायला बसवा.

विहीर_आटलेली
मायं केळं अर्धं वाटलं अन् लाइन गेली. मे महिना, बाहेर ४५. पाऊण तास वाट पाहिली, मग ताकाची रवी काढली. केळ्याचे तुकडे रवीत अडकले, रवी धुवायले जितका वेळ गेला तितक्यात लाइन आली. पण फेस काय आला, मिक्सरले जमणार नाही असा. आता पाहुणे आले तरी रवीच. फक्त केळं आधी हातानं कुस्करून घ्या.

वरुडची_फोड
रवीले ताकाचा वास नाही का लागत?

विहीर_आटलेली
लागते न. मले आवडते.

पऱ्हाटीची_लेक
आईला विचारलं आता. म्हणते, पुडी पूर्ण संपवली होती तिनं, महिनाभर रोज सकाळी उकळून, धोतराच्या फडक्यानं गाळून, बाबांना. आम्हाला चहाच. मला हे माहीतच नव्हतं.

तूरडाळ
अन् तो कॉफीचा गाळ?

पऱ्हाटीची_लेक
मोगऱ्याला.

मास्तरीण_बाई
कोणाला माहीत आहे का, मिक्सरच्या झाकणाचं गोल रबर सुटं कुठं मिळते? अंजनगावात दोन दुकानं फिरले, भांडंच नवीन घ्या म्हणतात.

बांधावरचा_बाभूळ
जुनं रबर घेऊन बाजाराच्या दिवशी या. कुकर दुरुस्तीवाला बसते, त्याच्याकडे मापानं पाहून देते. नवीन भांडं घेऊ नका अजिबात.