'सावधान' वाचून एजंट थांबत नाही

एआय एजंट म्हणजे दिलेली टूल्स स्वतःहून चालवणारा एआय प्रोग्राम. त्याला दिलेल्या डिलीट टूलच्या (नोंदी पुसणाऱ्या फंक्शनच्या) वर्णनात 'सावधान, धोकादायक' लिहिलं की भागतं, असं एक मत आहे; ते अपुरं वाटतं. एजंटला विशेषण नको. काय पुसलं जाईल आणि परत आणता येईल का, ते सांगा. उदाहरण आपल्या नाशिकचंच घ्या: कांदा लिलावाच्या नोंदी. 'जुन्या नोंदी साफ करते' एवढंच लिहिलं, तर डिस्क भरली की एजंट ते टूल बिनदिक्कत चालवेल. त्याऐवजी: 'दिलेल्या बाजाराच्या, दिलेल्या तारखेआधीच्या नोंदी कायमच्या पुसते. परत मिळत नाहीत. नुसत्या बाजूला ठेवायच्या असतील तर आर्काइव्ह टूल वापरा.' शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि खरं काम तेच करतं.

बाजाराचं नाव रिकामं राहिलं आणि लासलगावसोबत पिंपळगाव, येवलाही गेलं, असं होणार असेल तर ते लिहून ठेवण्यात अर्थ नाही. कोडमध्येच रिकामी किंमत नाकारा. एरर मेसेजही तपासा: 'फोर्स लावून पुन्हा चालवा' (म्हणजे तपासणी डावलून) असं त्यात असेल तर एजंट तेच करणार!

एमसीपीत (एजंटला टूल्स जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत) 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट', म्हणजे 'हे टूल काही नष्ट करू शकतं' असं सांगणारा रकाना, भरला नाही तर तो 'ट्रू' धरला जातो, पण तो नुसता इशारा आहे, कुलूप नव्हे. म्हणून आधी प्रीव्ह्यू कॉल, जो काही न पुसता फक्त एवढंच देतो: नोंदींची संख्या आणि ५ मिनिटं चालणारं टोकन (खरं पुसणाऱ्या दुसऱ्या कॉलला द्यायचा कोड). ते टोकन माणसाच्या मंजुरीनंतरच लागू व्हावं, नाहीतर एजंट दोन्ही कॉल स्वतःच उरकतो. टाइमआउटनंतर (वेळेत उत्तर न मिळाल्यावर) तेच टोकन पुन्हा आलं तर आधीचाच निकाल परत द्या, पुन्हा पुसू नका.