मदत हवी आहे: महाग लॅपटॉपवर वाढीव संरक्षण घ्यावं का? १२ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. एडिटिंगसाठी १४ इंची मॅकबुक प्रो घेतला, १,६९,९०० रुपयांना. धंद्यासाठी एवढी मोठी रक्कम एकदम कधी टाकली नव्हती. सोबत आलेली वॉरंटी एक वर्षाची. तीन वर्षांचं ॲपलकेअर प्लस (ॲपल कंपनीचं पैसे भरून मिळणारं वाढीव संरक्षण) घ्यायचं तर खरेदीपासून ६० दिवसांच्या आत घ्यावं लागतं. त्यातले ४८ गेले. एका लग्नाचं काम केल्यावर माझ्या हातात जेवढे उरतात, साधारण तेवढे पैसे त्याला लागतील.

अडखळतोय ते जुन्या अनुभवामुळे. आधीच्या विंडोज लॅपटॉपला दुकानदाराच्या आग्रहावरून दुकानाचीच एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. तिसऱ्या वर्षी, ऐन एप्रिलच्या सीझनमध्ये, झाकण उघडताना कट् असा आवाज आला आणि स्क्रीनची एक बाजू वर आली. उघडून बघितलं तर बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकमध्ये बसतात ते प्लॅस्टिकच फुटलेलं, पितळी नट आत सुटे खुळखुळत होते. लॅपटॉप पडला नव्हता, आपटला नव्हता. तरी उत्तर आलं, "हे फिजिकल डॅमेज आहे, आमच्याकडे फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट." आठ दिवस फोनाफोनी केली. शेवटी आमच्या गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्या दादाने अॅराल्डाइट लावून ते नट बसवून दिले, आणि त्यावर मी पुढची दोन वर्षं काम केलं.

तेव्हा कळलं की 'वाढीव वॉरंटी' म्हणजे कारखान्यातून आलेल्या दोषाची मुदत वाढते, एवढंच. आपल्या हातून पाणी सांडलं, मशीन पडलं, तर त्याला अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण लागतं. ॲपलकेअर प्लसमध्ये दोन्ही येतं, पण अपघाताच्या दुरुस्तीला दर वेळी ठरावीक सेवाशुल्क भरावं लागतं. मॅक चोरीला गेला तर त्यातून काही मिळत नाही. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांखाली गेली तर मात्र ती बदलून मिळते, आणि माझं मशीन दिवसभर चार्जरवरच असतं, त्यामुळे हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

खरी भीती मदरबोर्डची आहे. या मशीनमध्ये रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावरच सोल्डर केलेलं. जुन्यात काही बिघडलं की तेवढा पार्ट बदलायचो, इथे अख्खा बोर्डच बदलायची वेळ येऊ शकते. वडील म्हणतात, तेवढे पैसे पोस्टात आरडीला टाक. पण बोर्ड सहा महिन्यांतच गेला तर आरडीत असणार किती?

मला जाणकारांकडून हे हवंय:

कोकणात किंवा गोव्यात मॅक वापरणाऱ्यांनी कृपया आवर्जून लिहा. पावसाळ्यात आमच्याकडे लेन्सला बुरशी धरते, कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेल ठेवूनच चार महिने काढतो. मॅकच्या आत पाणी लागलं की रंग बदलणाऱ्या पट्ट्या असतात. नुसत्या दमट हवेने त्या लाल झाल्या, असं कुणाच्या बाबतीत झालंय का? क्लेमच्या वेळी काय म्हणाले?

सेवाशुल्क भरून स्क्रीन किंवा बोर्ड कुणी बदलून घेतला असेल, तर मशीन किती दिवस अडकलं? मला कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे पुणं गाठावं लागेल, सीझनमध्ये एकेक दिवस मोजावा लागतो.

आणि पूर. २२ जुलै २०२१ला माझ्या दुकानात छातीभर पाणी होतं, डेस्कटॉप आणि दोन हार्ड डिस्क त्यात गेल्या. त्यातल्या एका डिस्कवर एका जोडप्याचं अख्खं लग्न होतं. त्यांना फोन करून ते सांगणं मला आजही आठवतं. आता दुकान वरच्या मजल्यावर आहे आणि बॅकअप घरी वेगळा ठेवतो. पण पूर, आग, चोरी यांसाठी विमा कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी असते. छोट्या फोटोग्राफरला ती सहज मिळते का? कॅमेरे आणि लॅपटॉप एकाच पॉलिसीत घेता येतात का?

ता. क.: बिल दुकानाच्या नावावर, जीएसटी नंबरसह आहे. उत्तर देताना ते लक्षात घ्या.